नवा खेळाडू तिसऱ्या शनिवारीही यावा म्हणून: वॉरगेमिंग क्लबसाठी पहिल्या सहा आठवड्यांचा क्रम

वॉरगेमिंग म्हणजे छोटे रंगवलेले सैनिक टेबलावर मांडून, अंतर मोजून चाली करत, फासे टाकून लढाई खेळणं. इंदूरला आमची टेबलं दर शनिवारी संध्याकाळी लागतात. नवीन माणूस येत नाही ही आमची तक्रार कधीच नव्हती. कोणाचा भाचा येतो, कोणी मित्राबरोबर नुसतं बघायला येतं, कोणी ऑफिसातून परस्पर येतं. रंगवलेले सैनिक हातात घेऊन बघतात, फोटो काढतात, एक डाव खेळतात, "मजा आली" म्हणतात आणि परत दिसत नाहीत. खेळ अवघड आणि महाग म्हणून लोक गळतात, असं आम्ही बरीच वर्षं धरून चाललो होतो. मग एकदा हजेरीची वही नीट चाळली. गेलेले बहुतेक जण पहिल्या आणि तिसऱ्या भेटीच्या मधेच गेले होते. खर्चाचा प्रश्न यायला तेव्हा अजून महिनाभर होता. पुढच्या शनिवारी काय खेळायचं, कोणाशी खेळायचं, हेच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

खालचा क्रम त्यानंतर बसवला आहे. ग्वाल्हेर आणि बडोद्याच्या खेळणाऱ्या मंडळींनीही हाच प्रश्न विचारला, म्हणून सविस्तर लिहितो. टप्पे याच क्रमाने घ्या. चौथा टप्पा सोडून बाकी सगळं केलं तरी माणूस गळतो.

## १. माणूस यायच्या आधीची तयारी

उसनी सेना. क्लबाच्या मालकीच्या दोन छोट्या सेना कायम तयार हव्यात. प्रत्येकीत १० ते १२ सैनिक, हत्यारं सारखी, रंग मात्र दुरून ओळखू येतील इतके वेगळे, उदाहरणार्थ एक निळी, एक लाल. क्लबातल्या सर्वात सुंदर सेना यासाठी देऊ नका. मोडेल या धास्तीने नवा माणूस सैनिक दोन बोटांनी उचलतो आणि त्याचं अर्धं लक्ष तिथेच अडकतं. कोऱ्या प्लॅस्टिकच्या, हात तुटलेल्या सेनाही नकोत. साध्या, नीटनेटक्या, तीन रंगांत रंगवलेल्या पुरेत. डब्यात फोम घाला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला सैनिकांची संख्या लिहून ठेवा.

मैदान. पहिल्या डावाला ६ बाय ४ फुटांचं टेबल नको. आम्ही कॅरम बोर्ड वापरतो. मोठ्या बोर्डाची खेळायची जागा साधारण २९ इंच चौरस असते. तिच्यावर हिरवं फेल्ट कापड पसरायचं, थर्माकोलच्या दोन टेकड्या, एक भिंत आणि एक झाडी ठेवायची की झालं मैदान. कडेच्या लाकडी चौकटीमुळे फासे खाली पडत नाहीत, हा फायदा आम्हाला नंतर कळला. फासा टेबलाखाली गेला की डाव थांबतो, सगळे वाकून शोधतात आणि ज्याच्या हातून पडला तो बिचारा ओशाळतो.

एक पानी नियम, मराठीत. नियमांची पुस्तकं इंग्रजीत असतात आणि आमच्याकडे टेबलावरचं बोलणं हिंदी-मराठी मिसळून चालतं. एका पानावर मोठ्या अक्षरांत एवढंच लिहा: किती चालायचं, कधी मारा करता येतो, किती पडलं की लागतं, किती पडलं की वाचतं. टर्न (पाळी), सेव्ह (बचावाचा फासा), टेरेन (मैदानावरच्या टेकड्या, भिंती, झाडी) हे शब्द तसेच राहू द्या, कारण पुढच्या टेबलावर तेच कानावर पडणार आहेत. 'संरक्षणमूल्य' वगैरे लिहिलंत, तर ते पान कोणी दुसऱ्यांदा उघडणार नाही.

मोजकाठ्या. शिंप्याची टेप मधेच लोंबते आणि स्टीलची टेप सटकन मागे येऊन सैनिक पाडते. लाकडी पट्टी बरोबर ६ इंचांवर कापून प्रत्येक बाजूला एक द्या. पहिल्या दिवसाचं सगळं मोजमाप तेवढ्यावर भागतं.

खेळाची निवड. वॉरहॅमर ४०,००० या प्रसिद्ध वॉरगेमचा २,००० पॉइंटांचा (सेनेचा आकार पॉइंटांत मोजतात) डाव आरामात तीन तास खातो. शिवाय त्यात एक बाजू पूर्ण सेना हलवून मोकळी होईपर्यंत दुसऱ्याने बहुतेक वेळ बघत बसायचं. जाणत्याला त्यात विचार करायला वेळ मिळतो, नवा मात्र मोबाइल काढतो. म्हणून सुरुवातीला एक तुकडी तुमची, एक माझी, अशा आळीपाळीच्या चालींचा खेळ घ्या. वन पेज रूल्सचे मूळ नियम फुकट मिळतात आणि ते याच पद्धतीचे आहेत. जुन्या काळातल्या लढायांची आवड असलेल्याला डीबीए हा नियमसंच द्या. दोन्हीकडे फक्त १२-१२ तुकड्या, आणि दर टर्नला एक फासा टाकून किती हालचाली करता येतील ते ठरतं. डाव तासाभरात संपतो.

> शुक्रवारी रात्री तपासा: दोन्ही डब्यांत संख्या बरोबर आहे का? एका रंगाचे, ठळक ठिपक्यांचे १० फासे आहेत का? नव्या माणसाशेजारी बसणारा आणि समोर खेळणारा, असे दोघं ठरले आहेत का?

आणखी एक. नवीन लोकांना बोलावण्याचा आठवडा पंचांग बघून निवडा. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, दिवाळी, रंगपंचमीची गेर, मार्चच्या परीक्षा यांच्या तोंडावर कोणाला सुरुवात करून दिली, की दुसरा शनिवार हमखास बुडतो. पुढचे तीन शनिवार मोकळे असतील तेव्हाच बोलवा.

## २. दारातली पहिली दहा मिनिटं

स्वागताला एकच माणूस ठेवा. "कोणीतरी बघेल" असं ठेवलं की कोणीच बघत नाही. नवा माणूस भिंतीला टेकून उभा राहतो आणि सगळे आपापल्या टेबलावर वाकलेले असतात.

दोनच प्रश्न विचारा. पहिला, "खेळाबद्दल कुठून कळलं?" दुसरा, "घरी किती वाजता पोहोचायचंय?" दुसरा प्रश्न फार कामाचा आहे. राजेंद्रनगरहून बसने आलेल्या मुलाला नऊला निघायचं असेल आणि तुम्ही साडेआठला डाव मांडलात, तर तो शेवटचा अर्धा तास घड्याळाकडे बघत खेळणार.

मोठ्यांना 'तुम्ही'च म्हणा, तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असले तरी. शाळकरी मुलाबरोबर आई किंवा वडील आले असतील, तर त्यांना खुर्ची आणि चहा द्या आणि मुलाशेजारीच बसवा. आमच्याकडे एक काकू मुलाला सोडायला म्हणून आल्या होत्या. शेजारी बसून बघता बघता त्यांनी मुलापेक्षा आधी ताडलं, की भिंतीमागचा सैनिक दिसतच नाही, मग त्याच्यावर मारा कसा करणार. तिसऱ्या शनिवारी त्या स्वतः खेळत होत्या.

> टाळा: कपाटातल्या सगळ्या सेना दाखवत फिरवणं. त्यातून त्याला एकच कळतं, की हे लोक खूप पुढे गेलेत आणि आपण फार मागे आहोत.

## ३. पहिला डाव

सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं थांबून सांगतो.

शिकवणारा शेजारी, खेळणारा समोर. ही दोन कामं एकाच माणसाकडे देऊ नका. समोरचाच शिकवायला लागला की त्याचा प्रत्येक सल्ला संशयाचा होतो. "इकडे नको, तिकडे जा" म्हणणारा माणूस पुढच्या चालीत तुमचाच सैनिक मारणार असतो. शेजारी बसलेला मात्र पूर्णपणे तुमच्या बाजूचा असतो. दोन नवे एकाच दिवशी आले तर त्यांना एकमेकांसमोर बसवा आणि मधे एक जाणता ठेवा. यापेक्षा चांगली सुरुवात मी पाहिलेली नाही.

आधी जिंकायचं कसं ते सांगा, नियम नंतर. "मधल्या टेकडीवर चौथ्या टर्नच्या शेवटी ज्याचे जास्त सैनिक, तो जिंकला." एवढं एक वाक्य बोलायचं आणि लगेच पहिली चाल करायला सांगायची. माऱ्याचे नियम मारा करायची वेळ आली की सांगा, वाचण्याचे नियम कोणाला लागलं की सांगा. चाळीस मिनिटं नियम ऐकवले, तर त्यातला एकही त्याच्या डोक्यात राहत नाही.

सैनिक जवळ मांडा. दोन्ही सेनांत १२ इंचांपेक्षा जास्त अंतर नको. पहिल्या टर्नलाच फासे पडले पाहिजेत.

फाशांचा हिशोब उघड करा. एका कॉलेजच्या मुलाचा प्रसंग सांगतो. त्याने आठ फासे टाकले. चारांवर चार, पाच किंवा सहा आले, म्हणजे आठांतले चार लागले. खूश झाला. जखम झाली का ते बघायला तेच चार पुन्हा टाकले, दोन राहिले. मग समोरच्याने बचावाचे दोन फासे टाकले आणि दोन्ही वाचवले. एकही सैनिक पडला नाही. मुलगा फाशांकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "माझंच नशीब खराब." शेजारी बसलेल्या दादाने तेच आठ फासे बोर्डावर ओळीत मांडले. आधी चार बाजूला केले, मग उरलेल्यांतले दोन, मग एक. "लागायला निम्मी शक्यता, जखम व्हायला निम्मी, बचाव चुकायला निम्मी. आठ फाशांमागे सरासरी एकच सैनिक पडतो. तुझं एकानेच हुकलं." मुलाचा चेहरा खुलला. पुढच्या टर्नला त्याने आपणहून दोन तुकड्यांचा मारा एकाच ठिकाणी वळवला. नशिबाला दोष देणारा दहा मिनिटांत डावपेच करू लागला. हा हिशोब पहिल्या माऱ्यालाच दाखवा, हिरमोड व्हायची वाट बघू नका.

मुद्दाम हरू नका. लोकांना कळतं, आणि मग जिंकल्याचा आनंद राहत नाही. त्यापेक्षा उघडपणे झुकतं माप द्या: त्यांचे १२ सैनिक, तुमचे ९. "मी जुना आहे, म्हणून एवढं चालेल ना?" असं विचारून द्या. नंतर मनापासून खेळा.

पाऊण तासात थांबा. डाव अर्धवट राहिला तरी चालेल. थांबून विचारा, "अजून एक टर्न खेळायचा?" स्वतःहून 'हो' म्हणालेला माणूस आणि संपण्याची वाट बघत बसलेला माणूस यांत फार फरक असतो.

> ताकीद, जुन्या सदस्यांसाठी:
> नव्याचा सैनिक त्याच्या वतीने हलवू नका, तो पाडतो आहे असं वाटलं तरी.
> नियमावरून वाद झाला तर फासा टाका, पुढे चला. पुस्तक डाव संपल्यावर उघडा.
> मागे उभं राहून "अरे, तिथे कशाला गेलास" म्हणू नका. तीन जण मागून बोलायला लागले की डाव त्या तिघांचा होतो.
> खाणं टेबलापासून लांब. पोह्यांवरच्या शेवेचं तेल बोटांवरून रंगवलेल्या सैनिकावर जातं आणि नव्या माणसावर ओरडावं लागतं. ती वेळच येऊ देऊ नका.

## ४. निघण्याआधीची पाच मिनिटं

डाव चांगला झाला की आपण समाधानाने आवराआवरीला लागतो आणि नवा माणूस "बरं, येतो" म्हणून निघतो. आमची बहुतेक माणसं याच पाच मिनिटांत गेली. तो दारातून बाहेर पडण्याआधी चार गोष्टी झाल्याच पाहिजेत, याच क्रमाने.

एक, पुढचा शनिवार नक्की करा. "परत या" हे आमंत्रण नाही, ती बोलायची रीत झाली. "पुढच्या शनिवारी साडेसहाला, याच बोर्डावर, यांच्याशीच, फक्त बाजू बदलून" हे आमंत्रण. समोर खेळलेल्यानेच ते द्यावं. येणं जमणार नसेल तर त्यानंतरचा शनिवार विचारा, आणि त्याच्या देखत वहीत लिहा.

दोन, हातात काहीतरी द्या. आम्ही एक न रंगवलेला सैनिक आणि नियमांचं एक पान देतो. तो सैनिक आठवडाभर त्याच्या टेबलावर उभा राहतो, घरचे विचारतात हे काय, आणि त्याला सांगावं लागतं.

तीन, खायला चला म्हणून स्पष्ट बोलवा. डाव संपला की आमची मंडळी सराफ्यात किंवा छप्पनला जातात. जुन्यांना ते गृहीतच असतं. नव्याला वाटतं, हा यांचा घरचा घोळका आहे, आपण कशाला मधे. नाव घेऊन म्हणा, "तुम्ही पण चला, भुट्ट्याचा कीस खाऊ." नाही म्हणाला तर आग्रह एकदाच करा. आला तर तिथे खेळाचं बोलणं बेतानं करा. थंडीत गराडू खाताना त्याच्या नोकरीबद्दल, गल्लीबद्दल झालेल्या गप्पांनीच तो आपला होतो.

चार, मोठ्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये लगेच घालू नका. तिथे दिवसाला शंभर मेसेज, निम्मे त्याला न कळणारे. फक्त वेळ आणि जागा कळवणारा वेगळा छोटा ग्रुप ठेवा.

> तपासा: तो गेल्यावर वहीत बघा. तारीख, समोरचा खेळाडू आणि खेळ, तिन्ही लिहिलं आहे का? एक जरी राहिलं असेल तर आजच फोन करा.

## ५. मधला आठवडा

बुधवारी एक मेसेज. एकच, आणि समोर खेळलेल्या माणसाकडून. "शनिवारी साडेसहाला आहे ना? यावेळी लाल सेना माझी. त्या भिंतीमागून तुम्ही मला फार सतावलंत." त्याने केलेली एखादी चाल आठवणीने लिहा. लिंका, व्हिडिओ, पुस्तकांच्या पीडीएफ पाठवू नका. त्याने मागितल्या तर द्या.

## ६. दुसरा आणि तिसरा शनिवार

इथे उत्साहाच्या भरात चूक होते. "मागच्या वेळी हा खेळलास ना, आज दुसरा दाखवतो!" नको. दुसऱ्या शनिवारी तोच डाव, तेच मैदान, फक्त बाजू उलट. ओळखीच्या जागेवर त्याला पहिल्यांदाच विचार करायला सवड मिळते. नियम फक्त एक वाढवा: जवळची झुंज, किंवा तुकडीचं धैर्य खचणं. तिसऱ्या शनिवारी आणखी एक.

तिसऱ्या शनिवारी समोर दुसरा खेळाडू द्या, जमलं तर त्याच्याइतकाच नवा. शेजारचा माणूस आता थोडा मागे सरकून बसतो, विचारल्यावरच बोलतो. जुन्यांनी शिकवलेला माणूस क्लबाचा पाहुणा असतो. दोन नव्यांनी मिळून चुकत-माकत एक डाव पुरा केला की त्यांची आपापसात मैत्री होते आणि ते एकमेकांना घेऊन येतात.

## ७. पहिलं रंगकाम

चौथ्या शनिवारच्या आसपास. सेना नव्हे, एकच सैनिक: तोच, जो पहिल्या दिवशी दिला होता. घरी रंगवून आण म्हणू नका, क्लबात शेजारी बसून रंगवा.

क्रम असा. सांध्याच्या रेघा ब्लेडने हलके खरवडा. जोडायचा भाग असेल तर प्लॅस्टिकला प्लॅस्टिकचा सिमेंट, धातूला आणि रेझिनला झटपट चिकटणारा गोंद. मग प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर. मग तीन रंग, प्रत्येक पातळ करून दोन हातांत. हस्तकलेचे अॅक्रिलिक रंग चालतात, पण ते घट्ट असतात. पाणी न घालता लावले तर चेहऱ्याचे डोळे-नाक बुजतात. शेवटी पातळ तपकिरी वॉश (खाचांत उतरून सावली देणारा रंग) आणि तळाला गोंद लावून चाळलेली वाळू.

> हवामानाची ताकीद: पावसाळ्यात स्प्रे प्रायमर मारू नका. दमट हवेत तो पांढरट, पावडरीसारखा बसतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना दुपारीही नको, फवारा हवेतच सुकून पृष्ठभाग खरखरीत होतो. दोन्ही वेळी ब्रशने लावायचा प्रायमर वापरा.

तयार झालेल्या सैनिकात काय चुकलं ते सांगू नका. तो त्याच संध्याकाळी टेबलावर उतरवा, उसन्या सेनेचा नायक म्हणून.

## ८. पैशाचं बोलणं

त्याने विचारेपर्यंत नाही. विचारलं तर खरं सांगा: परदेशी कंपन्यांची पूर्ण सेना महाग पडते, आणि इतक्यात घ्यायची गरज नाही. क्लबाची सेना तीन महिने उसनी मिळेल असं स्पष्ट शब्दांत सांगा, म्हणजे तो संकोचत नाही. विकत घ्यायचंच असेल तर आधी फासे आणि टेप, मग रंगांचे चार डबे आणि दोन ब्रश. रंग-ब्रशांसाठी खजुरी बाजारात एक चक्कर बरोबर मारा. सैनिक शेवटी, आणि तेही दोघांनी मिळून एक मोठा डबा वाटून. जाड कार्डावर छापलेली कागदी सेनाही पूर्ण मानाची आहे. आमच्या टेबलावर तिला कोणी कमी लेखत नाही, लेखूही देऊ नका.

## ९. सहावा शनिवार: महिदपूर

सहाव्या आठवड्याला सगळ्या नव्यांना एका मोठ्या डावात घ्या. आम्ही महिदपूर घेतो. उज्जैन जिल्ह्यातली, क्षिप्रेकाठची ही लढाई २१ डिसेंबर १८१७ ला होळकर आणि इंग्रज यांच्यात झाली. इंदूरच्या मुलाला ते गाव बसच्या पाटीवरून माहीत असतं, त्यामुळे नकाशा समजावत बसावं लागत नाही.

मांडणी सोपी आहे. टेबलाच्या मधून नदी, तिला एकच उतार (चालत ओलांडता येईल अशी उथळ जागा). पलीकडे होळकरांच्या चार तोफा आणि पायदळ, दोन्ही बगलांना घोडदळ. अलीकडे इंग्रज, त्यांना तोफांच्या माऱ्यातच नदी ओलांडायची आहे. सहाव्या टर्नच्या शेवटी चारांपैकी दोन तोफा ज्याच्या हाती नसतील तो हरला, बरोबरी झाली तर होळकर जिंकले.

नव्यांना होळकरांची बाजू द्या. तोफा जागच्या हलत नाहीत, म्हणून पहिल्यांदाच मोठा डाव खेळणाऱ्याला फक्त कोणावर डागायचं एवढंच ठरवावं लागतं. दोघा धीट नव्यांना एकेक घोडदळ द्या. जुन्यांनी इंग्रज घ्यावेत. प्रत्यक्षात होळकर हरले आणि ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला, पण आमच्या टेबलावर उताराच्या तोंडाशी घोडदळ वेळेवर आणणाऱ्यांनी तोफा राखल्या आहेत.

> तपासा: प्रत्येक नव्याच्या हाती स्वतःची तुकडी आहे का? "तू यांना मदत कर" असं काम कोणालाही देऊ नका.

## १०. एखादा आलाच नाही तर

पहिल्या चुकलेल्या शनिवारी काही करू नका, घरोघरी कामं असतात. दुसरा चुकला की सोमवारी फोन, मेसेज नाही. शेजारी बसून शिकवलं त्यानेच करावा. "का आला नाहीत" विचारू नका. "तुमची निळी सेना डब्यात तशीच ठेवली आहे, या शनिवारी मांडू का?" एवढंच विचारा. हो म्हणाले तर तिसऱ्या टप्प्यातला छोटा बोर्ड पुन्हा मांडा, मोठ्या टेबलावर एकदम बसवू नका. नाही म्हणाले तर नियमांचं पान आणि तो सैनिक परत मागू नका. आमच्याकडे एक जण असाच आठ महिन्यांनी परत आला. खिशातून रंगवलेला सैनिक काढून बोर्डावर ठेवला आणि म्हणाला, "हा माझा, बाकीचे द्या."